लेकराला पहिला चष्मा लागला, आता पुढे काय?

धूसर दिसणारं मूल तशी तक्रार सहसा करतच नाही. करणार कशी? कडुनिंबाची पानं लांबूनही सुटी सुटी दिसतात, हे त्याला ठाऊकच नसतं. झाड म्हणजे हिरवा ढीग, एसटीची पाटी म्हणजे नुसता पट्टा आणि फळा म्हणजे गुरुजी ज्याच्यावर काहीतरी लिहितात ती काळी जागा. सगळ्यांना असंच दिसत असणार, असं धरून ते चालतं. फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन बसतं, डोळे बारीक करून बघतं, मान तिरकी करतं, चेंडू हातात येता येता सोडतं. घरचे म्हणतात धांदरट आहे, शाळेत म्हणतात लक्ष नाही.

मग एक दिवस शाळेत तपासणीची गाडी येते, पोरगी चिठ्ठी घेऊन घरी येते आणि ओट्यावर चर्चा सुरू होते. "पोरगीले चष्मा लागना, आते कसं व्हई?" कुणी मोबाईलला बोल लावतं, कुणी म्हणतं पोरं पालेभाजी खात नाहीत, तर आजी म्हणते एवढ्यात लावू नका, सवय लागेल.

डोळे तपासणं हे माझं रोजचं काम. जळगाव-धुळ्याकडच्या गावांमधून अशी चिठ्ठी घेऊन आलेले आईबाप समोर बसले की मला त्यांना आधी एकच गोष्ट सांगायची असते. मुलांच्या चष्म्याला उशीर परवडत नाही, आणि तो डोळ्यापेक्षाही मेंदूला परवडत नाही. असं का, ते कळण्यासाठी थोडं डोळ्याच्या आत जावं लागेल.

नंबर येतो म्हणजे काय होतं

डोळ्याच्या पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक आवरण असतं, ते म्हणजे कॉर्निया. बाहेरून आलेला प्रकाश वळवून आत नेमक्या जागी आणण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम हा कॉर्निया करतो. उरलेलं काम त्याच्या मागचं भिंग करतं. सगळ्यात मागे पडदा असतो, त्याला रेटिना म्हणतात. चित्र बरोबर या पडद्यावर उमटलं की स्पष्ट दिसतं.

जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आठवून बघा. मशीन एका जागी आहे, चित्र जुळवून घेतलेलं आहे, आणि कुणी पडदा दोन हात मागे सरकवला तर? मशीन चांगलं, फिल्म चांगली, तरी चित्र पसरट आणि धूसर. मायनस नंबरमध्ये बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. डोळा पुढून मागे गरजेपेक्षा जास्त लांब वाढतो, पडदा मागे जातो आणि लांबचं चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं. जन्माच्या वेळी बाळाचा डोळा साधारण १६-१७ मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा सुमारे २४. या वाढीत एका मिलिमीटरचा फरक पडला तरी नंबर अडीच-तीनने बदलतो. म्हणून उंची वाढण्याच्या वयात मायनस नंबरही वाढतो. चष्मा लावा किंवा लावू नका, वाढायचा तो वाढतोच.

प्लस नंबर याच्या उलट असतो. डोळा आखूड राहतो आणि चित्र पडद्याच्या पलीकडे जातं. पण लहान मुलाचं भिंग फार लवचीक असतं. ते जोर लावून फुगतं आणि चित्र ओढून पडद्यावर आणतं. त्यामुळे प्लस नंबरचं मूल तक्ता खालच्या ओळीपर्यंत खडाखड वाचू शकतं. आईबाप म्हणतात, सगळं वाचतो, मग चष्मा कशाला? कारण ते वाचणं फुकट होत नाही. दिवसभर स्नायू ताणलेला राहतो. संध्याकाळी कपाळ दुखतं, अभ्यासाला बसलं की पोर चुळबुळ करतं आणि काही मुलांचा एक डोळा नाकाकडे वळू लागतो. तिरळेपणा म्हणून ज्याला नावं ठेवली जातात, तो कित्येकदा नुसत्या प्लसच्या चष्म्याने सरळ होतो. थोडासा प्लस मात्र बहुतेक सगळ्या लहान मुलांना असतोच आणि वाढीबरोबर तो उतरतो. त्यामुळे प्लस दिसला की लगेच चष्मा, असंही नाही. हा निर्णय डॉक्टरांचा.

घरात आबांची चाळिशी असतेच. ती वेगळी गोष्ट आहे. वयाबरोबर भिंगाची लवचीकता जाते म्हणून जवळचं दिसत नाही, ते चाळिशीचं कारण. म्हणून आबांचा चष्मा नातवाच्या नाकावर ठेवून "दिसतं का रे?" असं विचारण्यातून काही कळत नाही.

तिसरा प्रकार सिलिंडर. यात कॉर्निया सगळ्या दिशांनी सारखा गोल नसतो, एका दिशेला जास्त वळलेला असतो. मग अक्षराची आडवी रेघ स्पष्ट आणि उभी पुसट, किंवा उलट. लांबचंही असं दिसतं आणि जवळचंही.

इथे खानदेशातल्या घरांसाठी थोडं थांबून सांगते. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, पारा ४५ च्या आसपास, हवेत धूळ. अशा हवेत पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये, मुलग्यांत मुलींपेक्षा जास्त, डोळ्यांची एक ॲलर्जी फार दिसते. डोळे लाल होतात, तारा धरणारी घाण येते, आणि खाज इतकी की पोर मुठीने डोळे चोळत बसतं. वर्षानुवर्षं असं चोळल्याने कॉर्नियाचा आकार बिघडतो, सिलिंडर वाढत जातो, आणि काही मुलांचा कॉर्निया पुढे शंकूसारखा निघतो. तिथे चष्म्यानेही पुरतं दिसत नाही. म्हणून खाजेचा इलाज नंबरच्या इलाजाइतकाच महत्त्वाचा आहे. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, डोळ्यांच्या डॉक्टरांचे थेंब घ्या, पण मेडिकलवरून परस्पर आणलेले थेंब महिनोन्महिने टाकू नका. ज्या थेंबांनी दोन दिवसांत लाली जाते, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. ते देखरेखीशिवाय चालू ठेवलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही होतो, आणि हे लहान मुलांतही होतं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. हे लिहिताना माझा जीव तुटतो, कारण हे नुकसान सगळंच्या सगळं टाळता येण्यासारखं आहे.

चिठ्ठीवरचे आकडे

चिठ्ठीवर दोन गोष्टी असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे नजर, ती ६/६, ६/१८, ६/६० अशी लिहितात. हा तक्ता नेदरलँड्सचे डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केला. ६/६० चा अर्थ असा की चांगल्या डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून ओळखू येतं, ते या डोळ्याला सहा मीटरवरून ओळखावं लागतं. वाचता न येणाऱ्या लहानग्यांसाठी चित्रांचे तक्ते असतात, किंवा ई अक्षराचे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं असतं.

दुसरी गोष्ट नंबर, म्हणजे भिंगाची ताकद. समजा उजव्या डोळ्यापुढे -२.०० / -०.७५ × १८० असं लिहिलंय. पहिला आकडा गोल नंबर, दुसरा सिलिंडर, आणि तिसरा सिलिंडर कुठल्या कोनात बसवायचा ते सांगतो. तो कोन १ ते १८० च्या दरम्यान असतो. कोन मोठा म्हणजे आजार मोठा, असं अजिबात नाही. "एकशे ऐंशी नंबर आहे हो" म्हणत रडवेली झालेली आई मी पाहिली आहे.

मायनस नंबरवरून मुलाला चष्म्याविना किती लांबचं स्पष्ट दिसतं, याचा हिशोब घरीच करता येतो. एकाला नंबरने भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. -१ असेल तर एक मीटर, -२ असेल तर अर्धा मीटर, -४ असेल तर पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर अंतर. आता वर्गाचा फळा किती लांब असतो ते आठवा. नंबर "फक्त दोन" असला तरी पोराच्या हाताच्या पलीकडचं सगळं धूसर आहे, हे त्यातून कळतं.

थेंब टाकून तपासणी

लहान मुलाचं भिंग फुगून ताण घेतं, हे वर आलंच. तपासणीच्या मशीनमध्ये डोकावतानाही ते असा ताण घेतं. त्यामुळे कॉम्प्युटरवर एका मिनिटात निघालेला नंबर मुलांच्या बाबतीत फसवा असू शकतो. खरा प्लस असताना तो शून्य दाखवतो, किंवा नसलेला मायनस दाखवतो. मोठ्यांसाठी ठीक, पण मुलाचा पहिला चष्मा नुसत्या मशीनच्या छापील पट्टीवरून करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर उपाय थेंबांचा. ते भिंगाच्या स्नायूला थोडा वेळ सैल करतात, मग डॉक्टर किंवा तंत्रज्ञ अंधाऱ्या खोलीत डोळ्यात उजेडाची रेघ फिरवून पुढे भिंगं धरत नंबर काढतात. मुलाने एक अक्षरही सांगितलं नाही तरी चालतं, म्हणून वर्षभराच्या बाळाचाही नंबर काढता येतो. सायक्लोपेंटोलेटचे थेंब असतील तर अर्ध्या-पाऊण तासात काम होतं आणि दिवसभरात असर उतरतो. खूप लहान मुलांना किंवा तिरळेपणा असेल तर ॲट्रोपिनचं मलम देतात. ते सहसा तीन दिवस घरीच घालायचं असतं आणि त्याचा असर आठवडा ते दोन आठवडे राहतो. तेवढे दिवस बाहुली मोठी राहते, ऊन सहन होत नाही, जवळचं वाचता येत नाही. डोळे बिघडले म्हणून घाबरू नका, सगळं पूर्ववत होतं. पण मे महिन्यात रावेर-यावलच्या उन्हात असं मूल टोपीशिवाय बाहेर काढणं म्हणजे छळ आहे. शक्य असेल तर ही तपासणी दिवाळीच्या सुट्टीत ठेवा. मलम घातल्यावर चेहरा लालबुंद झाला, अंग तापलं, तोंड कोरडं पडलं तर ते बंद करून डॉक्टरांना फोन करा. आणि ती ट्यूब घरातल्या दुसऱ्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

आळशी डोळा

उशीर मेंदूला परवडत नाही असं मी वर म्हटलं, ते इथल्यासाठी.

पाहणं डोळ्याने सुरू होतं, पण चित्र समजतं मेंदूला, आणि ते समजणं मेंदू पहिल्या सात-आठ वर्षांत शिकतो. समजा एका मुलाचा उजवा डोळा +१ आणि डावा +४.५० आहे. दोन्ही डोळ्यांची भिंगं एकाच मापाने ताण घेतात, त्यामुळे उजव्याचं चित्र साफ होतं आणि डावा कायम धूसर राहतो. मेंदू मग डाव्याकडून येणारं चित्र बाजूला टाकायला लागतो. अशी वर्षं गेली तर डावा डोळा निरोगी असूनही त्याला नीट दिसत नाही, आणि पुढे कितीही योग्य चष्मा दिला तरी ६/६ होत नाही. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवून मेंदूत होणारा हा बदल दाखवून दिला. पुढे १९८१ साली त्यांना नोबेल मिळालं.

यात सगळ्यात वाईट भाग असा की मुलाला काहीच अडत नाही. एका डोळ्याने ते पळतं, वाचतं, सायकल चालवतं. पोलीस भरती, सैन्यभरतीच्या तपासणीत एक डोळा झाकला जातो तेव्हा विसाव्या वर्षी पोराला कळतं, आणि तोवर इलाजाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून घरीच एक खेळ करा. तळहाताने एकेक डोळा आळीपाळीने झाका आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे वाचायला सांगा. एक डोळा झाकू देतो आणि दुसरा झाकला की हात झटकतो, असं होत असेल तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. फोटोत बाहुली पांढरी चमकताना दिसली तर आठवडाही थांबू नका.

आळशी डोळ्याचा इलाज साधा पण चिकाटीचा. आधी योग्य चष्मा पूर्णवेळ. कित्येक मुलांत तेवढ्यानेच पुढच्या काही महिन्यांत नजर सुधारते. उरलं तर चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे कमजोर डोळ्याला काम करावंच लागतं. मध्यम स्वरूपाच्या आळशीपणात रोज दोन तासांची पट्टीही पुरते, असं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासांत दिसलं आहे. शाळेत मुलं चिडवतात, म्हणून ते दोन तास घरी संध्याकाळी ठेवा, तेव्हा चित्र रंगवू द्या, ज्वारीतले खडे निवडायला बसवा. सातव्या वर्षाआधी सुरू केलं तर सगळ्यात चांगलं, पण दहा-बारा वर्षांच्या मुलांतही फायदा होतो. "आता वय गेलं" असं स्वतःच ठरवू नका.

चष्म्याने नंबर वाढतो का

नाही. लोकांना तसं वाटतं, कारण चष्मा लागल्यानंतरही डोळा वाढतच असतो आणि वर्षभराने नंबर वाढलेला निघतो. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देण्याची पद्धत पूर्वी होती. २००२ साली मलेशियातल्या एका अभ्यासात अशा मुलांचा नंबर पूर्ण चष्मा लावणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने वाढलेला दिसला. सवय लागते म्हणतात, ती स्पष्ट दिसण्याची. चष्मा काढला की धूसर वाटतं, कारण आता तुलना करता येते.

गाजर, पपई, पालक जरूर खाऊ घाला. शहाद्याकडे तर पपई घरचीच. त्यातल्या अ जीवनसत्त्वाच्या स्रोताने रातांधळेपणा टळतो, पण लांब वाढलेला डोळा आखूड होत नाही. मध, कांद्याचा रस, तूप डोळ्यात घालू नका. लेझरचा विचार अठरा वर्षांनंतर, नंबर स्थिरावल्यावर.

"मोबाईल दखी दखी डोया बिघडनात" हे घरोघरी ऐकू येतं, आणि त्यात अर्धं तथ्य आहे. सतत जवळचं पाहणं आणि बाहेर न पडणं, या दोन्हींचा मायनस नंबरशी संबंध आहे. त्यातही बाहेर जाण्याचा पुरावा भक्कम आहे. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटं जादा मैदानावर नेलं. तीन वर्षांत त्यांच्यातल्या ३०.४ टक्के मुलांना मायनस लागला, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के. यात काम करतो तो मोकळ्या हवेतला उजेड. आपल्याकडे उन्हाचा प्रश्न आहे, पण झाडाच्या सावलीतही वर्गातल्यापेक्षा कितीतरी पट उजेड असतो. सकाळी एक तास आणि ऊन उतरल्यावर एक तास मुलं अंगणात, शेतात, नदीकाठी खेळली तर हिशोब पुरा होतो. नंबर वेगाने वाढत असेल तर तो रोखणारे अगदी कमी ताकदीचे ॲट्रोपिनचे थेंब आणि खास भिंगं आता मिळतात. त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, विशेषतः आईबाप दोघांनाही मायनस असेल तर. सहाच्या पुढे नंबर गेला की पुढच्या आयुष्यात पडदा सुटण्याचा धोका वाढतो, म्हणून तो रोखण्याला महत्त्व.

दुकानात आणि नंतर

काच नको, प्लॅस्टिकचं भिंग घ्या, आणि जमलं तर पॉलिकार्बोनेट. विटीदांडू आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोराच्या डोळ्यापुढे न फुटणारं भिंग हवं. ब्ल्यू कटसाठी, म्हणजे निळा उजेड अडवणाऱ्या भिंगासाठी, जादा पैसे घालवू नका, त्याने नंबर थांबत नाही. फ्रेम हलकी, नाकावरून न घसरणारी, आणि डोळा भिंगाच्या मधोमध येईल अशी. दोन बुबुळांमधलं अंतर दुकानदाराने मोजलंच पाहिजे. फ्रेम मुलाला निवडू द्या. स्वतः निवडलेला चष्मा मूल जास्त घालतं, हे मी कितीदा पाहिलंय.

पहिले काही दिवस जमीन वर आल्यासारखी, पायरी तिरकी वाटेल, सिलिंडर असेल तर जास्तच. बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत मेंदू जुळवून घेतो. त्यानंतरही डोकं दुखत असेल तर भिंगं चिठ्ठीप्रमाणे बसलीत का, ते पुन्हा तपासून घ्या. शर्टाच्या टोकाने पुसू नका, आपल्या धुळीने ओरखडे पडतात. पाणी आणि साबणाचा थेंब पुरतो. उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, भिंगावरचा थर तडकतो.

पैशाअभावी चष्मा राहू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा मुलं तपासतात, आणि शासकीय योजनेतून शाळकरी मुलांना मोफत चष्मे मिळतात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांतल्या लेकरांची मला जास्त काळजी वाटते. चष्मा मोडला की सुट्टी लागेपर्यंत ते पोर तसंच राहतं. अधीक्षकांकडे नंबरची चिठ्ठी आणि जमलं तर दुसरा चष्मा ठेवून द्या.

आणि मुलींबद्दल. "पुढे स्थळं येतील तेव्हा काय सांगायचं" म्हणून सहावीतल्या मुलीचा चष्मा कपाटात ठेवणारी घरं आजही आहेत. पाहुणे आले की काढायला लावतात. त्या मुलीचं गणित कच्चं राहतं, रस्ता ओलांडताना तिला गाडी उशिरा दिसते, आणि एक डोळा आळशी असेल तर तो कायमचा जातो. तिने चष्मा सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत घालावा, पाहुण्यांसमोरही.

पुढची तपासणी सहा महिन्यांनी. जाताना जुनी चिठ्ठी आणि चष्मा दोन्ही न्या, म्हणजे नंबर किती वाढला ते कळेल. आणि घरात धाकटं भावंड असेल तर त्यालाही सोबत घ्या.